विल्गोशेकांच्या दगडावरची ओळ

प्रल्हाद चौगुल्याशी बोलायला बसलं की माणूस आधी त्याच्या डोळ्यांकडं बघत बसतो. बाकी गडी अस्सल करवीर तालुक्यातला. रंग रापलेला, मिशी जाड, पोट पुढं, आवाज बांधावरनं हाक मारल्यासारखा. पण डोळे निळसर घारे. ओहायोतल्या डब्लिनला मंडळाच्या गणपतीत दर साली पुण्या-नागपूरची नवी पोरं येतात आणि त्यातलं एखादं हातातली मोदकाची डिश सांभाळत विचारतंच, "काका, तुम्ही कोकणस्थ का हो?"

"चौगुले कधीपासनं कोकणस्थ झाले रे?" प्रल्हाद म्हणतो. "घारे डोळे मांजराचे बी असतात."

पोरगं हसतं, "सॉरी यार काका" म्हणतं आणि पुढं सरकतं. आडनाव ऐकून त्याला जे कळायचं ते कळलेलं असतं. प्रल्हादला जे सांगायचं नसतं ते तसंच पोटात राहतं.

प्रल्हादचं पोट फाउंड्रीवर भरलं. लोखंड ओतायच्या आधी त्याच मापाचा लाकडी नमुना करून वाळूत दाबावा लागतो. तो नमुना करायचं काम तो शिरोलीच्या कारखान्यात शिकला आणि त्याच कामावर कोलंबसजवळच्या एका फाउंड्रीत आला. तिथंच म्हातारा झाला. आता रिटायर आहे. मुलगी प्रणिता सनीव्हेलला चिपच्या कंपनीत. घरी तो, बायको रत्ना आणि घरामागचा एक वाफा. वाफ्यात शेपू. शेपू रत्नाला बिलकुल आवडत नाही. करपट ढेकर येतात म्हणते. तरी दर उन्हाळ्यात तीच तो पेरते, कारण तो सासूनं लावलेला वाफा.

सासू म्हणजे प्रल्हादची आई, सुमन.

लढाईच्या काळात कोल्हापूरच्या शेजारी वळिवड्याला पोलंडच्या लोकांची छावणी पडली होती. रशियानं घरातनं उचलून सैबेरियात नेऊन टाकलेली माणसं. तिथनं सुटून इराणवरनं आलेली. बहुतेक बायका आणि पोरं. चार-पाच वर्षं राहिली आणि लढाई संपल्यावर जहाजानं निघून गेली. त्यांच्या बराकीत सिंधी आले, गांधीनगर झालं, कापडाचा बाजार बसला. त्या छावणीतल्या पावाच्या भट्टीवर मैद्याची पोती वाहायला श्रीराम चौगुले नावाचा एक तरणा गडी होता. छावणी सगळी गेली, त्यातली एक पोरगी मागं राहिली. ती श्रीरामची बायको झाली. लग्नात ताटात तांदूळ पसरून श्रीरामनं अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, सुमन. आधीचं काय होतं ते त्या तांदळाबरोबरच कुणीतरी डब्यात ओतून टाकलं. गावानं पुन्हा विचारलं नाही.

गाव तिला पोलंडची वैनी म्हणायचं. दोन-चार वर्षांत तिची बोली गावातल्या बायांपेक्षा गावठी झाली. नळावर भांडायला उभी राहिली की बाया कळशी तिथंच ठेवून बाजूला व्हायच्या. फक्त माहेर विचारलं की एकच उत्तर.

"समदी मेली."

आता माहेर मेलं म्हणजे पोराचं आजोळ मेलं. प्रल्हादचं जावळ काढायची वेळ आली, तेव्हा त्याला मांडीवर घ्यायला मामा नव्हता. मामाच्या मांडीवर बसल्याशिवाय पहिले केस काढत नाहीत. मग शेजारच्या बाळ कुंभाराला एका दिवसापुरता मामा केला. त्यानं भाच्याला टोपडं आणलं, गूळखोबरं आणलं, मांडी घालून बसला आणि संध्याकाळी पुन्हा शेजारी झाला. पुढं शाळेत पोरं चिडवायची, "पल्ल्याचा मामा भाड्याचा." प्रल्हाद त्यांना हाणायचा. हाणून घरी आला की आई भाकरी वाढायची आणि कोण जिंकलं तेवढंच विचारायची.

श्रीराम गेल्यावर प्रल्हादनं आईला डब्लिनला आणलं. पंधरा वर्षं ती इथं राहिली. नऊवारी सुटली, पातळावर स्वेटर आला. शेजारची अमेरिकन बाई तिचा गोरा रंग बघून इंग्लिशमध्ये बोलायला जायची आणि आई तिला "काय म्हन्तीस ग" म्हणून कोल्हापुरीत उत्तर द्यायची. बटाट्यात शेपू, दह्यात शेपू, काकडीत शेपू. आणि एक सवय होती. भाकरीचा किंवा पावाचा तुकडा खाली पडला की ती तो उचलून ओठाला लावायची, मग खायची. गावात खाली पडलेलं अन्न उचलून कपाळाला लावतात. प्रल्हाद लहानपणी दोन्ही बघत वाढला, त्यामुळं त्याच्या हातून दोन्ही व्हायचं. आधी ओठ, मग कपाळ. रत्ना म्हणायची, "तुकड्याची पूजाच मांडा की."

क्लीव्हलंडकडं पार्मा म्हणून गाव आहे. तिथं देवळाला ते वर्षातनं एक-दोनदा जायचे. पार्मात पोलिश लोकांची वस्ती जुनी. एकदा येताना आईनं एका दुकानापुढं गाडी थांबवायला सांगितली. आत गेली, बीटच्या कढणाची एक बरणी घेतली आणि दाराजवळच्या फळ्यापुढं उभी राहिली. फळ्यावर जाहिराती डकवलेल्या होत्या. प्रल्हाद गाडीतनं बघत होता. बराच वेळ ती त्यातला एकच कागद वाचत राहिली. मग येऊन बसली आणि म्हणाली, "चल."

"काय हुतं ग?"

"काय न्हाई. नावं हुती. चल."

त्यानंतर ती पार्माला आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. गेली तेव्हा तिला इथल्याच विद्युतदाहिनीत दिली आणि रक्षा प्रल्हादनं कोल्हापूरला नेऊन पंचगंगेत सोडली. माती की अग्नी, हे तिला कुणी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

मागच्या साली प्रणितानं बापाला एक किट पाठवलं. नळीत थुंकायचं आणि पोस्टानं पाठवायचं, मग कंपनी कळवते आपण कुठले.

"बाबा, जस्ट डू इट. तुमचे रिझल्ट्स माझ्यापेक्षा इंटरेस्टिंग येतील."

"मी कुठला ते मला म्हाईत हाय. अमेरिकेला थुंकी कशाला दाखवायची?"

पण थुंकला. सहा आठवड्यांनी उत्तर आलं, निम्मा पूर्व युरोप. रत्ना म्हणाली, "निम्मेच का? मला वाटायचं खोड्या सगळ्या तिकडच्याच." त्यावर दोघं हसले आणि विषय संपला असं त्यांना वाटलं.

दोन दिवसांत लिंडा नावाच्या बाईची ईमेल आली. लिंडा विल्गोशेक, राहणार पार्मा. तिनं लिहिलं होतं की तिचे वडील झिग्मुंट यांनी चाळीस वर्षं एकच काम केलंय. जगात जिथं जिथं विल्गोशेक आडनाव आहे तिथं तिथं ते शोधायचं. आडनाव इतकं दुर्मीळ की ज्याचं असेल तो आपलाच. सगळे एका जंगलराख्याच्या घरातले. पोलंडच्या पूर्वेला, आता दुसऱ्याच देशात गेलेल्या एका जंगलात त्याची झोपडी होती. तिथं विल्गा नावाचा पिवळा पक्षी यायचा, त्यावरनं नाव पडलं. तिनं चित्रही जोडलं होतं. प्रल्हादनं बघितलं. आपला हळद्याच की, नात्यातला.

पुढं लिहिलं होतं, 'वडिलांनीही त्याच कंपनीला नळी पाठवली होती. मशीन सांगतंय की तुम्ही त्यांचे सख्खे भाचे लागता. पण हे शक्य नाही. त्यांना एकच बहीण होती, ब्रोनिस्लावा. ती भारतात छावणीत ऐन तरुणपणी वारली. काहीतरी चूक असेल. तरी आमच्या वार्षिक मेळाव्याला या.'

सोबत फोटो होता. पार्माच्या स्मशानातला घराण्याचा दगड, काळा, गुळगुळीत. वर आडनाव. खाली तीन ओळी. बाप, सैबेरियात गेलेला. आई, पार्मात गेलेली. आणि दोघांच्या मध्ये:

ब्रोनिस्लावा, १९२९–१९४८, वळिवडे.

प्रल्हादनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आईच्या पासपोर्टवर जन्मसाल एकोणतीसच होतं. आणि प्रल्हादचा जन्म बावन्नचा.

रत्नानं त्याच्या खांद्यावरनं वाचलं. "मग तुम्ही कोन? मुंजा?"

प्रल्हादनं ईमेल बंद केली. संध्याकाळी वाफ्याला पाणी घालताना म्हणाला, "जाऊन सांगायचं. एक ओळ दुरुस्त करा म्हनायचं. दुसरं काय मागायचं न्हाई."

"आनी न्हाई केली तर?"

"का न्हाई करनार? सख्खा भाऊ हाय. माझा मामा हाय."

ह्या वयात त्याच्या तोंडी तो शब्द असा बसला की रत्नानं पुढं टोमणा मारला नाही.

मेळावा एका चर्चच्या हॉलमध्ये होता. कुठनं कुठनं माणसं आली होती. शिकागोची, इंग्लंडची, ब्राझीलचं एक काळंसावळं कुटुंब, ऑस्ट्रेलियाचा एक उंच पोरगा. दारात टेबल मांडून एक टकला माणूस छातीवर लावायचे बिल्ले देत होता. निळा बिल्ला जन्माचं विल्गोशेक नाव अजून लावणाऱ्यांना, हिरवा लग्न करून घरात आलेल्यांना, पांढरा पाहुण्यांना.

"आडनाव?"

"चौगुले."

टकल्यानं यादीवर बोट फिरवलं. "लग्नानं?"

"न्हाई. आई विल्गोशेक."

"तिनं ते नाव पुढं कायम ठेवलं होतं?"

"न्हाई."

"मग पांढरा," टकला गोड हसून म्हणाला. "आमच्या मुलींनाही तसंच. नाव गेलं की पांढरा. नाहीतर मोजायचं कुठवर?"

रत्ना मराठीत म्हणाली, "म्हंजे आपल्यासारखंच की. फक्त आपल्यात वटी भरून घालवत्यात."

भिंतीवर जगाचा नकाशा होता आणि त्यावर टाचण्या. लाल टाचणी म्हणजे नाव नांदतंय. काळी म्हणजे तिथं कुणीतरी मेलं. पोलंडमधून लाल दोरा निघून सैबेरियाला, तिथनं इराणला, पुढं त्याचे फाटे फुटून आफ्रिका, मेक्सिको, इंग्लंड, ओहायो. एक फाटा हिंदुस्थानात उतरलेला, कोल्हापूरच्या जागी. तिथं काळी टाचणी. प्रल्हाद त्या टाचणीपुढं उभा राहिला. त्याच्या गावापासनं ती जागा नकाशावर केसाएवढी सुद्धा लांब नव्हती. तिथं तो जन्मला, चालायला शिकला, पोरांना हाणलं. आणि ह्या लोकांच्या हिशेबी तिथला दोरा एका मुडद्यापाशी संपला होता.

मग झिग्मुंट म्हातारा माइकपाशी आला. सत्त्याऐंशीचा, काठीवर, पण ताठ. डोळे बघितल्याबरोबर रत्नानं नवऱ्याला कोपर मारलं. तेच डोळे. त्यानं नावाची कथा सांगितली. जंगलराखा, पिवळा पक्षी, तो ओरडला की पाऊस येतो. मग कुणी कुठं गेलं ते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिंदुस्थानचं नाव आल्यावर तो एवढंच बोलला, "तिथं आम्ही माझी बहीण गमावली." आणि पुढच्या देशावर गेला.

जेवायला लांब टेबलं मांडली होती. लिंडानं प्रल्हादला मुद्दाम बापाच्या समोर बसवलं. बाई मनानं चांगली. तिनं ओळख करून दिली. "डॅड, हे मिस्टर चौगुले. मशीननं जो घोळ घातला ना, ते हे." म्हातारा मान हलवून "वेलकम" म्हणाला आणि सूपकडं वळला. सूपवर बारीक चिरलेला शेपू होता. रत्नानं चमच्यानं तो बाजूला केला आणि नवऱ्याकडं बघितलं. सगळ्या टेबलाला सासूचा वास येत होता.

प्रल्हादनं बोलायची तयारी घरून करून आणली होती. इंग्लिशमध्ये दोन वाक्यं. ती त्याला आठवेनात. हातातला पावाचा तुकडा खाली पडला. त्यानं वाकून उचलला, फुंकला नाही, ओठाला लावला, मग कपाळाला लावला आणि खाल्ला. विचार करून नाही, रोजच्यासारखा.

मान वर केली तर म्हाताऱ्याचा चमचा तोंडापाशी थांबलेला. टेबलावरच्या बाकी कुणी काही बघितलं नव्हतं. म्हातारा त्याच्या कपाळाकडं बघत होता.

"लिंडा," तो म्हणाला, "मला जरा बाहेर हवेत बसायचंय. हे मला धरून नेतील."

बाहेर पार्किंगच्या कडेला बाक होता. म्हातारा बसला, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभी धरली.

"शिरीरामचा?" त्यानं विचारलं.

"व्हय." प्रल्हादच्या तोंडून मराठीच गेलं.

"व्हय," म्हातारा चव घेतल्यासारखा म्हणाला. "च्यायला. व्हय." पाच वर्षं वळिवड्याच्या पोरांत खेळलेली जीभ तेवढीच शिल्लक राहिली होती. पुढचं इंग्लिशमध्ये. "भट्टीतला करपलेला पाव तो मला द्यायचा. मी पहाऱ्याला उभा राहायचो, ती दोघं बोलायची. कपाळाला लावायचा तो. ओठाला लावायची ती. ती कधी गेली?"

"दोन हजार दहा. माझ्या घरात. डब्लिनला."

"आयर्लंडमध्ये?"

"ओहायो. हितनं गाडीनं दोन तास."

म्हाताऱ्यानं काठी एका हातातनं दुसऱ्या हातात घेतली. पार्किंगमध्ये कुणाचं तरी पोर गाड्यांच्या मधनं पळत होतं, त्याची आई त्याला ओरडत होती.

"तुम्हाला म्हाईत हुतं," प्रल्हाद म्हणाला. आता त्याचं इंग्लिशही कोल्हापुरी वळणावर चाललं होतं. "ती मेली नव्हती हे."

"मी बारा वर्षांचा होतो. आम्ही निघालो त्या दिवशी ती स्टेशनवर आली. साडी नेसून. आईनं माझी मान धरून दुसरीकडं वळवली. मी वळवू दिली. जहाजावर आई सगळ्यांना सांगत होती, पोरगी तापानं गेली. काळे कपडे तिनं मरेपर्यंत सोडले नाहीत. दर वर्षी ब्रोंकाच्या, म्हणजे ब्रोनिस्लावाच्या, नावानं चर्चमध्ये प्रार्थना व्हायची. मी मेणबत्ती लावायचो."

"जिवंत माणसाची."

"हो."

"आनी हे सगळं?" प्रल्हादनं हॉलकडं हात केला. "नकाशा, टाचण्या, चाळीस वर्षं?"

म्हाताऱ्यानंही हॉलकडं बघितलं. मग म्हणाला, "तिचं नाव घालून शोधता येत नव्हतं. मेलेल्या माणसाचा शोध कोण घेतो? म्हटलं आडनाव शोधू. जगात थोडीच माणसं आहेत. त्यातलं कुणी कधी हिंदुस्थानातनं उत्तर देईल. प्रत्येक पोलिश दुकानात मी कागद लावले. 'तुमचं आडनाव विल्गोशेक असेल तर फोन करा.'"

"तिचं आडनाव चौगुले हुतं."

"लग्नानं आडनाव बदललं असणार हे मला कळत नव्हतं का? पण तसा कागद कसा लावणार? आई जिवंत होती. पुढं आई गेली, तेव्हा सवय झाली होती." त्यानं प्रल्हादकडं पहिल्यांदा सरळ बघितलं. "तिनं कधी शोधलं आम्हाला?"

प्रल्हादला खोटं बोलता आलं असतं. म्हाताऱ्याला तेवढंच हवं होतं, दोन शब्द गोड. पण त्याला टोपडं आठवलं, बाळ कुंभाराची मांडी आठवली, शाळेतली पोरं आठवली.

"हितं आली हुती," तो म्हणाला. "पार्मात. दुकानात तुमचा कागद वाचला. उभी राहून वाचला. मग गाडीत येऊन बसली आनी मला म्हनाली, चल."

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. रडला वगैरे नाही. त्याच्या काठीचं टोक डांबरावर एकाच जागी थोडं थोडं फिरत राहिलं.

"मामा," प्रल्हाद मराठीत म्हणाला आणि मग इंग्लिशमध्ये सांगितलं, "आमच्यात आईच्या भावाला मामा म्हनत्यात. भाच्यानं मामाकडं मागायचं असतं, ती रीत हाय. मी एकच मागतो. दगडावरची ओळ नीट करा. एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या जागी दोन हजार दहा."

म्हातारा उठला. "चल," म्हणाला. शब्द इंग्लिश होता, पण प्रल्हादला तो आईच्याच आवाजात ऐकू आला आणि त्याला राग आला.

स्मशान चर्चच्या मागंच होतं. रत्ना हॉलच्या दारातनं त्यांना जाताना बघत होती. ती मागनं आली पण लांब उभी राहिली. दगड फोटोतल्यापेक्षा मोठा होता. प्रल्हादनं पुढं होऊन अंगठा आकड्यांच्या खाचेत घातला, नमुने चाचपायची जन्माची सवय. खाच खोल होती. नीट माणसानं कोरलेली, कडा अजून धारदार. चार, मग आठ. लाकडात असतं तर पुट्टी भरून पुन्हा कोरलं असतं. दगडात तसं होत नाही, पृष्ठभागच घासून खाली न्यावा लागतो.

"बदलता येत नाही," म्हातारा म्हणाला. "मी पाथरवटाला विचारलं होतं. आई गेली त्या वर्षी."

"विचारलं हुतं?"

"विचारलं होतं. अख्खी ओळ घासून काढावी लागते."

"मग काढा. आनी नवी घाला. खर्च मी देतो."

"खर्चाचं नाही." म्हाताऱ्याचा आवाज आता हॉलमधल्यासारखा ताठ झाला होता. "दोन हजार दहा लिहिलं तर खालच्या ओळीतली माझी आई खोटारडी ठरते. आत बसलेली दीडशे माणसं मला विचारतील, तू कुणासाठी मेणबत्त्या लावत होतास. लिंडा विचारेल. मी जिवंत आहे तोवर ते होणार नाही, आणि मेल्यावरचं मी लिहून ठेवलंय." थोडं थांबून तो मऊ झाला. त्याला वाटलं असावं की आपण मोठं मन दाखवतोय. "पण तुझंही खरं आहे. दगडानं खोटं बोलू नये. तू म्हणत असशील तर मी ती ओळ काढून टाकायला सांगतो. उद्याच. तिचं नाव खोट्या तारखेनं इथं राहायला नको."

प्रल्हाद दगडाकडं बघत राहिला. पंचगंगेत सोडलेली रक्षा एका मिनिटात दिसेनाशी झाली होती, हे त्याला आठवलं. गावात घराच्या उताऱ्यावर सुमन श्रीराम होतं, ते घर विकलं तेव्हा तेही गेलं. ब्रोनिस्लावा हे नाव त्यानं जन्मात कुठं लिहिलेलं बघितलं नव्हतं. ह्या दगडाशिवाय.

"नको," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"हाय तसं ऱ्हाऊ द्या."

"नक्की? तारीख खोटी आहे."

"तारीख खोटी हाय. नाव खरं हाय." त्यानं खिशातनं रुमाल काढला, आकड्यांच्या खाचेत बसलेली माती पुसली, फक्त तेवढ्याच ओळीतली, आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला.

म्हाताऱ्यानं सुटकेसारखा श्वास घेतला. तो लपवायचं त्याला सुचलं नाही. "तू चांगला माणूस आहेस," तो म्हणाला. "पुढच्या वर्षीही ये. बायकोला घेऊन ये. लिंडाला मी सांगेन, मशीनची चूक होती, पण माणूस भला आहे."

प्रल्हादनं त्याला धरून हॉलच्या दारापर्यंत आणलं. रीतीप्रमाणं भाच्यानं वाकायला पाहिजे होतं. वाकला नाही. म्हातारा आत गेला. आत कुणीतरी अकॉर्डियन वाजवायला सुरुवात केली होती.

 गाडी हायवेला लागल्यावर रत्नानं हात लांब करून नवऱ्याच्या शर्टावरचा पांढरा बिल्ला सोलून काढला. चिकटलेला होता, निघताना कापडाचे धागे ओढून आले.

"मग? मामानं काय दिलं भाच्याला?"

प्रल्हादनं रस्त्यावरची नजर काढली नाही.

"बाळ कुंभारानं टोपडं तरी दिलं हुतं," तो म्हणाला.